लाल बटण

त्या दुपारी गाडी थांबवून मी मागचे दार उघडले, नातवाच्या पोटाशी असलेल्या, त्याच्या कार सीटचे पट्टे अडकवणाऱ्या बकलवर अंगठा ठेवून दाबला, आणि अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ आली की हात मागे घ्यावा लागला. तेथील सांधा उतारवयात झिजतो, बायकांचा तर अधिकच, हे मला ठाऊक आहे. घट्ट झाकणे, जुनी कुलुपे आणि ओले कपडे यांच्याशी माझे त्यावरून आधीच बिनसलेले आहे. नातू माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. "आजी, मी उघडू?" त्याने विचारले. चार वर्षांच्या माणसाने इतक्या अदबीने परवानगी मागितल्यावर नाही म्हणायला कारण सुचेना. त्याने बटणावर बोट ठेवले, ओठ आवळून जोर लावला आणि काहीही झाले नाही. मग त्याचे बोट खाली आणि माझा दुसऱ्या हाताचा अंगठा वर, असे दोघांनी मिळून दाबले, तेव्हा कुठे ते खट्कन सुटले.

एवढेसे बटण इतके कडक कशासाठी, हे शोधायला गेले तेव्हा कळले की तो कडकपणा मोजूनमापून ठेवलेला असतो. अमेरिकेतील नियमानुसार लहान मुलांच्या कार सीटचे बकल उघडायला किमान ४० आणि कमाल ६२ न्यूटन इतका जोर लागला पाहिजे. युरोपात चालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या जुन्या नियमात, पट्ट्यांवर ताण नसताना, हीच मर्यादा ४० ते ८० न्यूटन अशी आहे. चाळीस न्यूटन म्हणजे साधारण चार किलोचा भार, आणि तोही एका बोटाच्या टोकाने द्यायचा. खालची मर्यादा मुलासाठी, म्हणजे त्याला ते सहजासहजी उघडता येऊ नये. वरची मोठ्यांसाठी, म्हणजे घाबरलेल्या घाईतही त्यांना ते उघडता यावे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एका बाजूला मूल होते आणि दुसऱ्या बाजूला त्याचे धडधाकट आईवडील. आजी नावाच्या वर्गाचा विचार झालेला दिसत नाही. माझा दुखरा अंगठा आणि नातवाचा कोवळा अंगठा हे दोन्ही त्या चाळीस न्यूटनच्या अलीकडेच राहतात, आणि तो रोज थोडा थोडा पलीकडे सरकत असताना मी मात्र उलट्या दिशेने निघाले आहे.

त्याच युरोपीय नियमात असेही म्हटले आहे की दाबायची जागा लाल असावी आणि बकलचा दुसरा कोणताही भाग लाल असू नये. वाटेवरच्या अनोळखी माणसावरही मुलाला सोडवण्याची वेळ येऊ शकते, आणि त्याला कुठे दाबायचे ते शोधत बसावे लागू नये. हे पटण्यासारखेच आहे. पण मुलाने हात लावू नये म्हणून जे कडक केले, तेच त्याच्या अगदी पुढ्यात, त्याच्या सर्वांत आवडत्या रंगात ठेवावे लागले, ही अडचण कोणत्या नियमाने सोडवावी?

मी नातवाला बकल उघडायला शिकवते आहे, हा आमचा उद्योग मुलीला कळला तेव्हा तिने सरळच विचारले, "आई, उद्या गाडी चालू असताना त्याने उघडले तर काय करशील?" प्रश्न बिनतोड होता. तरी माझे म्हणणे असे, की बोटात जोर यायचा तो येणारच, आणि ज्या दिवशी तो येईल त्या दिवशी केव्हा उघडायचे हे त्याला आधीपासून ठाऊक असलेले बरे. गाडी थांबली पाहिजे, इंजिन बंद झाले पाहिजे आणि समोरच्या मोठ्या माणसाने "उघड" म्हटले पाहिजे, त्याआधी बटणाला हात लावायचा नाही, असे आमचे ठरले आहे. वाटेत उघडलेच, तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यायची आणि पट्टा पुन्हा लागेपर्यंत हलवायची नाही. रागवायचे नाही, भाषण द्यायचे नाही. थांबलेल्या गाडीइतकी कंटाळवाणी गोष्ट मुलांच्या जगात दुसरी नसते. मुलगी यावर हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही, आणि आमच्या घरात याला संमती समजतात.

शिकवताना लक्षात आले की आपण मोठी माणसे हे काम कसे करतो ते आपल्यालाच सांगता येत नाही. बकल पट्ट्याच्या टोकाशी असल्यामुळे नुसते पुढून दाबले की ते मागे सरकते आणि अर्धा जोर वाया जातो. म्हणून चारही बोटे बकलच्या मागे न्यायची आणि दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून पुढून दाबायचे. बटण वरून खाली ढकलायचे नाही, सरळ आत दाबायचे. याहून अवघड गोष्ट पाठीची आहे. उतरायची घाई झालेले मूल पुढे झुकते, पुढे झुकले की खांद्यावरचे पट्टे ताणले जातात, तो ताण बकलमध्ये अडकलेल्या दोन्ही टोकांवर येतो आणि बटण आणखी कडक होते. म्हणजे सुटायचे असेल तर आधी मागे टेकून बसायला हवे. हे त्याला समजावून सांगण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. शेवटी "पाठ सीटला चिकटव" एवढेच सांगू लागले आणि ते त्याला कळले.

पहिल्यांदा बटण एकट्याने दबले तेव्हा धातूची दोन्ही टोके उसळून बाहेर आली आणि तो दचकला. मग हसला नाही, टाळ्या पिटल्या नाहीत. बकलच्या रिकाम्या खाचेत वाकून पाहत राहिला. आत बिस्किटाचा चुरा होता. हा चुराही बटण अडवतो, आणि तो काढायला तेल वगैरे घालायचे नसते, माहितीपत्रकात सांगितले असेल त्याप्रमाणे कोमट पाण्याने धुवायचे असते, हे मी त्याच दिवशी वाचून काढले. पट्ट्यांतून हात काढणे हे पुढचे प्रकरण. कोपर आधी मागे न्यायचे आणि मग हात काढायचा, ही युक्ती त्याला सदऱ्याच्या बाहीवरून आधीच येत होती.

मी त्याच्या वयाची होते तेव्हा मला गाडीत कोणी कशालाही बांधत नसे. वडील गाडी चालवत, आई त्यांच्या शेजारी बसे आणि मी मागे, पुढच्या दोन सीटांच्या मधल्या फटीत, दोन्ही पाठींना धरून उभी असे. तिथून रस्ता सगळा दिसे, वडिलांच्या मानेवरचा तीळ दिसे आणि दोघांचे भांडण स्पष्ट ऐकू येई. ब्रेक लागला की आईचा हात बोलता बोलता आडवा येऊन माझ्या छातीवर टेके. मला तो हात जगातली सर्वांत मजबूत वस्तू वाटत असे. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने गाडी कशावर आदळली असती तर त्या हाताने मला धरून ठेवणे शक्यच नव्हते, हे आता कळते आणि जुन्या भीतीने नव्हे, अगदी ताज्या भीतीने अंगावर काटा येतो. त्या काळी तीन ठिकाणी अडकणारा पट्टा निघालेला होता. १९५९ साली तो व्होल्वोच्या गाड्यांत आला आणि तो बनवणारे नील्स बोलीन त्याआधी साब कंपनीत विमानांची आसने तयार करत असत; तीही साधी नव्हेत, तर संकटकाळी वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी. माणसाला आसनातून बाहेर काढण्याचा अभ्यास केलेल्या गृहस्थाने माणसाला आसनाशी बांधण्याची तोड काढली, याची मला फार गंमत वाटते. नातवाला हे सांगितले तर त्याला यातले पहिलेच अर्धे आवडेल, म्हणून सांगितलेले नाही.

अंगठ्याची सबब मी सगळीकडे सांगते. मुलीलाही तीच सांगितली. खरे कारण वेगळे आहे आणि ते बोलायला जीभ रेटत नाही. उन्हात बंद असलेल्या गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढते, काच बोटभर खाली ठेवून त्यात विशेष फरक पडत नाही, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या कितीतरी पट वेगाने तापते. मुलाला गाडीत एकटे ठेवायचे नाही, हे आम्हा सर्वांना पाठ आहे. पण ज्यांच्या हातून मुले गाडीत राहिली, त्यांतील पुष्कळ जणांनाही ते पाठच होते. वेगळ्या वाटेने जायचे होते, मूल मागे झोपले होते, डोक्यात दुसरेच काही चालले होते, एवढेच निमित्त झाले. माझी स्मरणशक्ती आता अंगठ्यापेक्षा फार चांगल्या अवस्थेत आहे असे नाही.

म्हणून आमचा धडा बकलपाशी संपत नाही. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असते आणि ती आतून उघडत नाहीत, तेव्हा पट्टा सुटल्यावर दोन सीटांच्या मधल्या फटीतून पुढे जायचे, चालकाच्या दाराची मूठ ओढायची, आणि दार उघडले नाही तर कोणी येईपर्यंत हॉर्न दाबत राहायचा. उभ्या गाडीत, दारे उघडी ठेवून, मी शेजारी बसून हे सगळे त्याच्याकडून करवून घेते. फट त्याला नेमकी पुरते. दाराची मूठ जमली आहे. आमच्या गाडीचा हॉर्न इंजिन बंद असतानाही वाजतो, हे मी पाहून ठेवले आहे, पण तो बकलहूनही कडक आहे आणि त्याला दोन्ही तळहातांनी सगळे अंग टाकून दाबावा लागतो. त्याचा सराव इमारतीखाली करावा तर लोक खिडक्यांतून डोकावतात, दूर कुठे जाऊन करावा तर तिथेही कोणीतरी चौकशीला येतेच. मुलीला धड्याचा हा भाग अजून कळलेला नाही. हॉर्न नीट वाजू लागला की कळेलच.