वाणाचे साठ करंडे आणि किलोचा भाव

वाणाला यंदा पितळी करंडे द्यायचे ठरले, साधारण साठ. बजेट नगामागे शंभर, फार तर सव्वाशे. इन्स्टाग्रामवर एकदा ‘हळदीकुंकू वाण’ शोधलं की मग विचारू नका. दर दोन रीलनंतर कोणीतरी ‘फॅक्टरी रेट’ घेऊन उभं. एका साइटवर ३९९ खोडून १४९ लिहिले होते. खोडलेल्या आकड्यांकडे मी बघतही नाही. मला खटकलं ते वेगळंच: कार्टमध्ये एक टाका नाहीतर साठ, भाव १४९च. आमच्या नाशिकच्या भांडी बाजारात डझनभर घेतले तरी दुकानदार पाच-दहा रुपये सोडतो. साठ नगांवर रुपया न सोडणारा होलसेलवाला कसला?

तो फोटो आणखी कुठे आहे ते शोधायला गूगल लेन्सला दिला. तोच करंडा, तोच हात, अंगठ्यावरचं तेच अर्धं उडालेलं नेलपेंट. साइट मात्र वेगवेगळ्या आणि भाव ९९ पासून २४९ पर्यंत.

१४९ वाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, एकाचं वजन किती? “ताई, सप्लायरला विचारून सांगतो.” म्हणजे माल याच्याकडे नाहीच. पोरगा सरळ होता, त्याने लपवलंही नाही. आपली ऑर्डर तो पुढे पाठवतो आणि पार्सल सप्लायरकडून थेट आपल्या दारात येतं. हेच ते ड्रॉपशिपिंग. त्याला नग ऐंशीच्या आसपास पडतो, वर जाहिरात आणि कुरिअर. कॅश ऑन डिलिव्हरीत लोक पार्सल नाकारतात, त्याचं जातायेताचं भाडंही त्याच्याच बोकांडी. तोही एकेकच नग उचलतो, मग साठांना भाव कुठून कमी करणार? यात फसवणूक काही नाही. एखादाच करंडा हवा असता तर मीही तिथूनच मागवला असता. पण साठांपैकी चार पोचे आलेले निघाले, तर रथसप्तमीच्या आत बदलून कोण देणार? याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

मग घाऊक व्यापाऱ्यांच्या साइटवर चौकशी टाकली. फोनवर फोन. प्रत्येकाकडे आधी जीएसटी नंबर मागायचा, हे मी ठरवूनच टाकलं होतं. पंधरा अक्षरी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचा २७, उत्तर प्रदेशचा ०९. पितळेच्या मालाचं मुरादाबाद उत्तर प्रदेशातलं; पण ‘मुरादाबादेत स्वतःची फॅक्टरी’ म्हणणाऱ्या एकाचा नंबर ०७ ने सुरू होत होता, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकून बघता येतो. नोंदणी चालू आहे का, तेही कळतं. तिथे हे महाशय किरकोळ विक्रेते निघाले. दोघांनी नंबर द्यायलाच टाळाटाळ केली, त्यांचा विषय संपला. ई-कॉमर्ससाठी २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत, विक्रेत्याचं नाव-पत्ता ग्राहकाला दिसायलाच हवा. नुसत्या मोबाइल नंबरवर पैसे पाठवायची माझी तयारी नाही.

मुरादाबादचा खरा व्यापारी भेटला तेव्हा त्याने नगाचा भाव सांगितलाच नाही. “मॅडम, पीतल किलो से.” किलोला ९००, किमान वीस किलो, जीएसटी आणि ट्रान्सपोर्ट वेगळं. करंडा ८० ग्रॅमचा, म्हणजे ७२ रुपये. कर, पॅकिंग, ट्रान्सपोर्ट, इथल्या गोदामातली हमाली धरून घरपोच ८८ च्या आसपास. पण वीस किलो म्हणजे अडीचशे करंडे! जाऊबाईंची भिशी, सोसायटीतल्या बायका, सगळ्यांना विचारून आकडा शंभराच्या पुढे सरकेना.

शेवटी भांडी बाजारात गेले. तोच ८० ग्रॅमचा करंडा, साठ घेतले तर १०५. माल मुरादाबादचाच, दुकानदार काका स्वतः वजनावर घेतात. नगामागे १७ रुपये, साठांचे १०२० जास्त गेले. त्या पैशात त्यांनी वीस किलो माल आधी उचलून ठेवला होता आणि मला साठच मोजून दिले. प्रत्येक झाकण लावून बघितलं, तीन घट्ट बसत होती ती तिथल्या तिथे बदलून घेतली. मला हा सौदा पटला.

मुरादाबादच्या व्यापाऱ्याचा नंबर ठेवला आहे. वीस किलोत करंडे, निरांजनं, पळी-पंचपात्र असा मिक्स माल चालेल म्हणतो. पुढच्या वर्षी यादी दिवाळीतच करायची, असं जाऊबाईंना सांगून ठेवलंय.