वादळात चिलीम पेटत नाही

चौकटीच्या खालच्या पट्टीवर एक पितळी पाटी होती आणि तिच्यावर डच भाषेत कोरलं होतं: ‘समुद्रावरचं वादळ’. पाटी चित्राहून बरीच अलीकडची, पण घराण्यात तिचा शब्द प्रमाण. मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. लहानपणी दंगा केला की आजोबा चित्रातल्या मोठ्या जहाजाकडे बोट दाखवून सांगायचे, “हे त्याच रात्री बुडालं.” पोरं गप्प.

मी नेदरलँड्समधल्या एका छोट्या खासगी स्टुडिओत जुन्या तैलचित्रांच्या संवर्धनाचं काम करते. पिवळं पडलेलं वॉर्निश काढायचं, सुटलेला रंग जागच्या जागी चिकटवायचा आणि मूळ चित्रकाराच्या कामावर आपली कलाकारी करायची नाही, एवढं त्यात आलं. हे चित्र सतराव्या शतकाच्या मध्याचं, सही नसलेलं. जहाजांची चित्रं त्या काळी हॉलंडमध्ये ढिगाने निघायची. वर होते विलेम व्हान डे व्हेल्डे बापलेक, ज्यांना पुढे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने पगारी ठेवून घेतलं. आणि लुडोल्फ बाकहाउझेन, जो वारा उठला की होडी करून समुद्राच्या तोंडाशी जायचा आणि परतल्यावर कुणाशी चकार शब्द न बोलता थेट चित्रापुढे बसायचा, असं त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय. त्यांच्या खाली असंख्य बिनसहीचे. आमचा त्यातलाच, पण हात कच्चा नव्हता.

चित्र आलं तेव्हा सगळं काकवीच्या रंगाचं दिसत होतं. अतिनील दिव्याखाली वॉर्निशचा थर हिरवट चमकला, म्हणजे जुनी नैसर्गिक राळ. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, द्रावणात बुडवायचा, नखाएवढ्या जागेवर हलक्या हाताने फिरवायचा, तपकिरी झाला की टाकून दुसरा घ्यायचा. लोकांना हे फार रोमहर्षक वाटतं. प्रत्यक्षात मान आखडते आणि डोक्यात द्रावणाचा वास बसतो.

त्या सकाळी मी उजव्या कोपऱ्यातल्या अंधाऱ्या लाटांवर आले होते. वॉर्निश निघालं तशा लाटा हिरव्या झाल्या आणि त्यांच्यामध्ये एक होडी वर आली. होडी आहे हे आधीही कळत होतं. तिच्यात माणसं आहेत हे कळत नव्हतं. मायक्रोस्कोप खाली ओढला. दोघं जण. एक वाकून जाळं ओढतोय. दुसरा पाठ टेकून निवांत बसलेला आणि त्याच्या तोंडाशी सफेत्याचा, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाचा, केसाएवढा एक फटकारा, टोकाला बारीकसा ठिपका. चिलीम! डच लोक तेव्हा ओढायचे तसली लांब, पांढऱ्या मातीची.

माझं लहानपण देवगडचं. मे महिना सरताना होड्या ओढून वर घेतात, झापांनी झाकतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राच्या वाटेला कुणी जात नाही. वादळात जाळं टाकून चिलीम ओढत बसणारा कोळी मला तरी माहीत नाही.

मग जहाजांकडे नीट पाहिलं. वरची शिडं सगळी उघडी, फुगलेली. खऱ्या वादळात ती आधी गुंडाळतात, नाहीतर काठ्या मोडतात. शिवाय हे चित्रकार अशा बाबतीत चुकत नसत. त्यांची गिऱ्हाइकं जहाजांचे मालक आणि कप्तान, त्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं. वारा होता, चांगला खेळता वारा. वादळ नव्हतं.

पण आकाशाचं काय? ते तर करडं, जड, वरून दाबत आलेलं. गंमत म्हणजे वॉर्निश निघाल्यावर पिवळेपणा गेला आणि ते आणखीच वादळी दिसायला लागलं.

दुपारी वरिष्ठ सहकारी आली. तिने दोन्ही गोष्टी पाहिल्या आणि एकच म्हणाली, “नमुना घे.” जुन्या इजेच्या कडेवरून रंगाचे दोन कण उचलले, एक आकाशाच्या माथ्यावरचा, एक क्षितिजाजवळचा, मिठाच्या कणापेक्षाही लहान. ते रेझिनमध्ये बसवून घासले आणि थर आडवे कापलेले दिसले. क्षितिजाजवळच्या नमुन्यात सफेता भरपूर आणि त्यात काचेचे टोकदार कण, स्वच्छ निळे. माथ्यावरच्या नमुन्यात सफेता नावापुरता आणि काचेचे कण राखाडी. फक्त जे जाडे होते त्यांच्या पोटात निळा ठिपका शिल्लक.

स्माल्ट. कोबाल्ट घातलेली निळी काच दळून केलेला हा रंग. अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्दी निळ्याच्या मानाने कितीतरी स्वस्त, त्यामुळे बिनसहीवाल्यांचा लाडका. तेलात मात्र तो टिकत नाही. काचेतलं पोटॅशियम हळूहळू झिरपून बाहेर पडतं, कोबाल्टभोवतीची रचना बदलते आणि निळाई जाते. सफेत्यातलं शिसं सोबत असलं की बराच वाचतो. म्हणजे आमच्या चित्रकाराने ढगांच्या मधून निळं आकाश रंगवलं होतं, माथ्याकडे अधिक गडद, आणि नेमकं तेच करडं पडून ढगांना जाऊन मिळालं. वादळ आलं ते चित्र पूर्ण झाल्यानंतर.

असं मोठ्यांच्याही वाट्याला येतं. इंग्लिश चित्रकार टर्नरने 1842 साली मांडलेलं बर्फाच्या वादळातल्या आगबोटीचं चित्र खरंखुरं वादळ आहे. त्यावर टीकाकार ‘साबणाचा फेस आणि चुना’ म्हणाले तरी. पण उडणारे लाल रंग तो बिनधास्त वापरायचा, आणि त्याची काही आकाशं आज त्याने रंगवली त्याहून थंड दिसतात ती त्यामुळे. रंग विकणाऱ्याने टोकलं तर, तुमचं काम रंग बनवायचं, वापरायचं माझं, असं त्याने सुनावलं म्हणे.

संध्याकाळी बाई आल्या. गेलेला निळा परत आणता येत नाही आणि वरून निळा फासणं आमच्या धर्मात बसत नाही, हे आधी सांगितलं. मग त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. बराच वेळ त्या चिलीमवाल्याकडे बघत राहिल्या आणि खो खो हसल्या. “आजोबांनी आम्हाला फसवलं!”

पाटी काढायची का, असं विचारलं तर नाही म्हणाल्या. अहवालात मात्र ‘वाऱ्यातली जहाजं’ असंच लिहायचं ठरलं, विम्यासाठी. निघताना त्यांनी कोट चढवता चढवता विचारलं की यामुळे किंमत कमी होईल की वाढेल.

मी म्हटलं, ते लिलाववाल्यांना विचारा.