पाघळलेला गूळ

आषाढातली दुपार. साडेतीन वाजून गेलेले, शेअर बाजार बंद झालेला, बाहेर कोल्हापूरचा एकसुरी पाऊस. चहासाठी डबा उघडला तर गुळाच्या खड्याखाली काळपट पाणी सुटलेलं आणि कागद त्याला चिकटून बसलेला. "पाघळला वाटतं," बायको म्हणाली. ती गुळाबद्दलच बोलत होती, पण मला टोचलं. सकाळी सव्वानऊ ते अकरा मीही पाघळलो होतो.

माझी एक वही आहे. रोज रात्री जेवण झालं की त्यात लिहितो: कुठला शेअर, किती भावाला, आणि स्टॉपलॉस कुठं, म्हणजे भाव कुठवर पडला की तोटा सोसून विकायचं. रात्री लिहिणारा हा गृहस्थ फार शहाणा. खाली पट्टीनं रेघसुद्धा मारतो. सकाळी मोबाइल हातात धरणारा मात्र कुणी वेगळाच असतो. भाव स्टॉपलॉसजवळ आला की त्याचा अंगठा पुढं होतो आणि स्टॉपलॉस दोन रुपयांनी खाली सरकतो. मग आणखी दोन. शेवटी तो ऑर्डरच रद्द करतो, आणि त्या दिवसापासून तो शेअर 'लाँग टर्म'साठी घेतलेला असतो. अशी माझी लाँग टर्म सध्या चार ठिकाणी अडकली आहे.

याचं खापर मी ४ जून २०२४ वर फोडतो. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या आनंदात सेन्सेक्स २,५०० अंशांनी चढला होता आणि मीही उडी घेतली होती. लोकसभेच्या मतमोजणीला तो ४,००० हून जास्त कोसळला. वहीप्रमाणं सकाळीच बाहेर पडायचं होतं. मी स्टॉपलॉस काढला, मोबाइल गादीखाली सारला आणि रंकाळा तलावावर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी बाजार २,३०० अंशांनी वर आला. शुक्रवारपर्यंत माझे पैसे सुटले, वर थोडा नफा. बुडालो असतो तर सुधारलो असतो. पुढं सप्टेंबरअखेर ८६,००० ला टेकलेला सेन्सेक्स फेब्रुवारीअखेर ७३,००० वर उतरला, तेव्हाही मी रंकाळ्यावरच जाऊन बसत होतो. दर वेळी रंकाळा किती पुरणार?

हे रक्तातच असावं. आजोबांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होतं. रस उकळायच्या काहिलीपाशी उभा राहिला की तो माणूस घड्याळासारखा. गूळ करणारा गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात सोडायचा, त्याची गोळी बोटांत धरून आजोबांकडं बघायचा, आणि मान हलली की काहील उतरलीच पाहिजे. आम्ही पोरं उसाच्या कांडक्याला गरम चिक्की गुंडाळून बाजूला उभी. क्षणभर उशीर झाला तर आजोबांच्या तोंडून जे निघायचं ते इथं लिहिता येत नाही. पाक वाफ्यात थंड व्हायचा, मग गुळाच्या ढेपा, म्हणजे तीस-तीस किलोचे रवे, कापडातून सोडवून ओळीनं मांडायचे.

आणि हाच माणूस भावाच्या बाबतीत मेणाचा. एका वर्षी दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यापासून सगळ्यांनी विकलं तरी यांनी चाळीस रवे सोप्यात ठेवले. उन्हाळ्यात भाव चढला. आजोबा शाहूपुरीच्या गूळबाजारातनं थेट सराफांच्या गुजरीत गेले आणि आजीला पाटल्या घेऊन आले. गावात महिनाभर त्याचीच चर्चा.

पुढच्या वर्षी ऐंशी रवे ठेवले. खाली पाचट, वर बारदान. "आता इका की वो," आजी म्हणायची. "थांब गं, भाव फुटायचा हाय अजून." अक्षय तृतीया गेली. बेंदराचा सण जवळ आला. पाऊस त्या साली आधीच लागला होता. एका सकाळी सोप्यात गेलो तर पायाला चिकट लागलं. भिंतीकडेनं गुळाचा ओहोळ उंबऱ्यापर्यंत आलेला आणि त्याच्यावर मुंग्यांची रांग. आजोबा एका रव्यावर हात ठेवून बसले होते, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

ते शेवटपर्यंत म्हणायचे, पावसानं दगा दिला. पाटल्या दिवाळीआधीच गुजरीत परत गेल्या. त्यानंतर मी आजीचे हात कायम काचेच्या बांगड्यांतच पाहिले.