आमची वाटचाल : हात कुठे थांबवायचा

नोकरी मागायला कुणी आलं की मी आधी विचारते, मसाज कुठे शिकलात? मग विचारते, शिकताना तुमच्या हातांकडे बघायला कोण उभं असायचं? पहिल्याचं उत्तर पटकन येतं, दुसऱ्यापाशी बरेच जण अडखळतात. ११ वर्षांपूर्वी मीही अडखळले असते. आज आमच्याकडे चार टेबलं आहेत, आम्ही सहा जण काम करतो आणि वेळा आठवडाभर आधी भरतात. पण वाटचाल लिहायला बसले की मला आठवतात त्या दोन शाळा. एक मी घाईत निवडली, दुसरी पाच ठिकाणी खेटे घालून.

पहिला कोर्स १५ दिवसांचा होता. तीस जणांचा वर्ग, मधोमध एक टेबल. सर एका विद्यार्थ्याच्या पाठीवर हात चालवून दाखवायचे आणि आम्ही टाचा उंच करून बघायचो. प्रत्यक्ष हात लावायला मिळाला तो शेवटच्या दोन दुपारी, तोही एकमेकांवर, आणि सर तेव्हा ऑफिसात पुढच्या बॅचचे फॉर्म भरून घेत होते. लेखी परीक्षेचे प्रश्न आदल्या दिवशीच मिळाले. प्रमाणपत्र मात्र सोनेरी किनारीचं, जाड कागदावरचं. ते फ्रेम करून भिंतीवर लावलं, एक खोली भाड्याने घेतली, एक टेबल आणलं आणि पाटी लावली.

लोक आले. हाताला गुण आहे म्हणाले. वर्षभर मला कसलीच शंका आली नाही.

मग एक दिवस पन्नाशीचे एक गृहस्थ आले. लांबचा प्रवास करून दोन दिवसांपूर्वी परतले होते. डावी पोटरी धरली आहे, जरा जोर लावून मोकळी करा म्हणाले. त्यांना पालथं झोपवलं. डावी पोटरी उजवीपेक्षा फुगलेली दिसत होती, कातडी ताणलेली, चकचकीत. हात लावला तर गरम. आज हे वाक्य लिहितानाही हात थरथरतो, कारण यातली प्रत्येक गोष्ट मला तेव्हा दिसली होती आणि एकीचाही अर्थ कळला नव्हता. दुखेल तिथे जास्त वेळ द्या, एवढंच मी शिकले होते. तेल घेतलं, अंगठा टेकवला. ते इतक्या जोराने कळवळले की मी हात मागे घेतला. आज राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा, असं मी म्हणाले ते घाबरून. त्यात ज्ञान काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीचा फोन आला. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. अशी गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकली तर माणूस जातो, आणि दाबण्या-चोळण्याने ती सुटण्याचा धोका असतो. पत्नी माझे आभार मानत होत्या. मला एक शब्द बोलवेना.

त्या रात्री कोर्सची वही काढून पानन् पान चाळलं. गुठळीचा उल्लेख कुठेच नव्हता. मसाज कधी करू नये याबद्दल एकच ओळ होती : ‘ताप असल्यास टाळावे.’

मी काम आठवड्यातून तीन दिवसांवर आणलं आणि शाळा शोधायला लागले. कमाई अर्ध्याहून खाली आली. घरी सगळ्यांचं म्हणणं एकच, चालू धंदा सोडून आता परत काय शिकायचं? पण ती पोटरी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

सगळीकडे आधी तासांचे आकडे कानावर पडायचे. तासांना महत्त्व आहेच. न्यूयॉर्क राज्यात परवान्यासाठी १००० तासांचं शिक्षण लागतं, टेक्सासमध्ये ५०० तासांचं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत त्यावर १०० प्रश्नांची परवाना परीक्षाही द्यावी लागते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत मसाज थेरपिस्टची नोंदणी करणारी स्वतंत्र नियामक संस्था आहे. उलट ब्रिटनमध्ये या व्यवसायाला सरकारी परवान्याची सक्ती नाही. म्हणजे शाळेत पैसे भरण्याआधी, आपल्याला जिथे काम करायचं तिथे कायदा काय मागतो हे ज्याचं त्यानेच बघून ठेवायला हवं. ‘आमचं प्रमाणपत्र जगभर चालतं’ असं जी शाळा सांगते तिथून मी उठून येते. जगभर चालेल असं या धंद्यातलं एकही प्रमाणपत्र माझ्या पाहण्यात नाही.

पण तासांच्या आकड्यामागे बरंच काही लपतं. एका ठिकाणी ६०० तास सांगितले. मी फोड मागितली. निम्म्याहून जास्त वेळ घरी बसून व्हिडिओ बघण्याचा निघाला. तेव्हापासून माझा प्रश्न ठरला : यातले किती तास माझे हात माणसाच्या अंगावर असतील, आणि त्यातले किती तास शिक्षक माझे हात बघत असतील? चांगल्या शाळेला या प्रश्नाचा राग येत नाही. तिच्याकडे वेळापत्रक तयार असतं.

दुसरा प्रश्न मी शिक्षकांना विचारायचे. खूप चालून किंवा व्यायाम करून दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, ते का? पाचपैकी तीन ठिकाणी उत्तर आलं की स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचतं, मसाजने ते निघून जातं. हे जुनं उत्तर आहे आणि चुकीचं आहे. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट (त्या ॲसिडचंच शरीरातलं रूप) शरीर स्वतःच साधारण तासाभरात वापरून टाकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं. मसाजने त्या दुखण्यात बरं वाटतं, पण ते काही धुऊन काढल्यामुळे नव्हे. हा प्रश्न मी मुद्दाम विचारायचे, कारण शिक्षकाने शेवटचं कधी वाचलं हे त्यातून कळतं. ‘मसाजने विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ असं भिंतीवर लिहिलेलं दिसलं तरी तेच समजावं.

चौथ्या शाळेत वेगळं घडलं. माहितीपत्रकात छापलं होतं की स्वीडिश मसाज स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांनी शोधला. तिथल्या बाई स्वतःच म्हणाल्या, हे वाक्य आम्ही बदलणार आहोत. लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला संस्था काढली ती व्यायामाची. इफ्लुराज (लांब हात फिरवणं), पेट्रिसाज (कणीक मळल्यासारखं दाबणं) ही आपण वापरतो ती फ्रेंच नावं रूढ करण्याचं श्रेय साधारणपणे डच डॉक्टर योहान मेत्झगर यांना दिलं जातं. बाईंना हे सांगायची काही गरज नव्हती. आपल्याच कागदातली चूक समोरून दाखवणाऱ्या बाईंवर माझा तिथेच विश्वास बसला.

त्यांनीच मला १८९४ ची हकिकत सांगितली. लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली भलते धंदे चालतात असा बोभाटा झाला. एका वैद्यकीय नियतकालिकाने ते उघड लिहिलं, आणि मन लावून हे काम करणाऱ्या परिचारिकांची मान खाली गेली. तेव्हा चौघी जणी एकत्र आल्या आणि शिकलेल्या मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. शिक्षण कसं हवं, परीक्षा कशी हवी, वागण्याचे नियम काय, सगळं त्यांनी बांधून दिलं. त्याच संस्थेतून पुढे ब्रिटनमधली फिजिओथेरपिस्टांची सनदी संस्था उभी राहिली. लोकांचं बोलणं ऐकून ज्या मुली आमच्याकडे शिकायला यायला कचरतात, त्यांना मी ही हकिकत आवर्जून सांगते. चांगलं शिक्षण हेच या कामाचं संरक्षण आहे, हे त्या चौघींना तेव्हा उमगलं होतं.

मी तीच शाळा घेतली. बारा महिने, एका वर्गात दहा विद्यार्थी, पाच टेबलं.

पहिल्या दिवशी तेलाची बाटलीसुद्धा उघडली नाही. बाईंनी मला टेबलाशेजारी सरळ उभं केलं, हात सैल सोडायला सांगितले आणि मूठ वळायला लावली. बोटांची पेरं टेबलाला जेमतेम टेकली पाहिजेत, ती तुझी उंची. माझ्या खोलीतलं टेबल यापेक्षा चार बोटं उंच होतं. वर्षभर मी खांदे उचलून, अंगठ्यांवर सगळा भार टाकून काम करत होते. संध्याकाळी अंगठ्याच्या बुंध्यात ठणका लागायचा तो मी कष्टाचा समजायचे. बाईंनी मागचा पाय लांब टाकून, कंबर न वाकवता अंगाचं वजन पुढे द्यायला शिकवलं, आणि जोर हवा तिथे अंगठ्याऐवजी कोपराखालचा हात. अंगठे गेले म्हणून चार-पाच वर्षांत धंदा सोडलेले लोक मी पाहिले आहेत. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा विद्यार्थ्यांच्या खांद्यांकडे बघा. सगळ्यांचे खांदे कानाला टेकलेले असतील तर तिथे कुणी बघत नाही.

स्नायू पुस्तकातून शिकवले आणि मग एकमेकांच्या पाठीवर पेनने काढायला लावले. मान अवघडते तेव्हा बहुतेकांचा जो स्नायू तक्रार करतो, तो मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत उतरतो. तो कोपरा मला आधी बोटांनी सापडायचाच नाही. तिसऱ्या आठवड्यात सापडला आणि डोळे भरून आले. वर्षभर मी त्याच्या दोन बोटं बाजूला दाबत होते.

चादरीचाही वेगळा धडा होता. ज्या भागावर काम तेवढाच उघडा, बाकी अंग झाकलेलं. चादरीची कड मांडीखाली कशी खोचायची, माणूस कुशीवर वळताना ती तंबूसारखी कशी धरायची, उताणं असताना गुडघ्यांखाली आणि पालथं असताना घोट्यांखाली उशी कुठे सरकवायची. बाई स्वतः टेबलावर झोपायच्या आणि चादर सरकली की म्हणायच्या, परत.

पण मी ती शाळा निवडली होती तिथल्या सरावाच्या केंद्रासाठी. सहाव्या महिन्यापासून बाहेरची खरी माणसं यायची आणि टेबलावर घेण्याआधी आम्ही त्यांना प्रश्न विचारायचे : कुठली औषधं चालू आहेत, रक्त पातळ करणारी गोळी आहे का, अलीकडे ऑपरेशन झालं का, दिवस गेले आहेत का, कातडीवर काही उठलंय का, लांबचा प्रवास केला का. उत्तरं लिहून बाईंना दाखवायची आणि मग सांगायचं, आज मसाज करायचा, करायचा पण अमुक भाग सोडून, की पाठवून द्यायचं. पाठवून दिलेल्या माणसाचेही गुण मिळायचे. शाळा शोधणाऱ्याला माझा एकच आग्रह असतो : तिथे सरावाचं केंद्र आहे का ते विचारा, आणि एखाद्या दुपारी तिथे गिऱ्हाईक म्हणून जाऊन झोपा. आपल्याला आधी प्रश्न विचारले का, जोर किती हवा हे मधेच विचारलं का, शिक्षक एकदा तरी आत डोकावले का, हे सगळं तिथे कळतं.

परत आल्यावर पहिली गोष्ट केली ती टेबलाचे पाय कापून घेतले. सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र भिंतीवरून काढलं. दुसरं टेबल दोन वर्षांनी आलं, तिसरं आणि चौथं पाठोपाठ. मधे एका पडत्या वर्षाची खिंड होती, ती आम्ही पगार उशिरा पण पूर्ण देऊन ओलांडली. त्या वेळी सोबत राहिलेल्या दोघीही आज आमच्यात आहेत.

आता त्या शाळेच्या दोन विद्यार्थिनी दर मंगळवारी दुपारी आमच्याकडे सरावाला येतात. गेल्या महिन्यात त्यांतली एक खोलीतून बाहेर आली. हळूच म्हणाली, “ताई, एकदा बघता का? डावी पोटरी जरा गरम लागतेय मला. पाय प्लास्टरमध्ये होता म्हणतात, मागच्याच आठवड्यात काढलंय.” मी आत गेले, बघितलं आणि त्या बाईंना आजच डॉक्टरांकडे जायला सांगितलं. त्या रागावल्या, सुट्टी काढून आले होते म्हणाल्या. आम्ही पैसे घेतले नाहीत, गाडीपर्यंत सोडायला गेलो. तपासणीत गुठळी निघाली नाही, स्नायू ताणला होता. नऊ दिवसांनी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बाई परत आल्या. त्या मुलीने पुन्हा आधी दोन्ही पोटऱ्यांना हाताची मागची बाजू लावून बघितली, आणि मग तेल घेतलं.