मुंढेगावपुढचं पंक्चर

सायकलची रोड रेसिंग थांबवून मी संघाची गाडी हाती घेतली, तेव्हापासून डावपेच आदल्या रात्रीच ठरवतो. या शर्यतीत रायडरच्या कानात रेडिओ नव्हता, त्यामुळे ऐनवेळी ओरडून काही सांगता येणार नव्हतं.

मार्ग नाशिक–त्र्यंबक–घोटी–नाशिक, साधारण 90 किलोमीटर. पोरांना सांगून ठेवलं होतं: घोटीच्या आधी स्प्रिंटरचं, म्हणजे शेवटी रेषेपाशी जोर मारणाऱ्या आमच्या रायडरचं, पंक्चर झालं तर कुणी थांबू नका, पहिन्याकडच्या चढउतारांत घोळका मंदावतो, तो येईल. घोटीनंतर महामार्गावर वारा पाठीशी असतो, घोळका ताशी 50 ने पळतो. तिथे झालं आणि आपला कुणी पुढे सुटलेला असला, तर दोघांनी मागे यायचं.

मुंढेगाव मागे पडलं आणि स्प्रिंटरचा हात वर गेला. मागचं चाक. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रक-टायरांच्या बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात. तार रबरात रुतली की सीलंट (टायरमध्ये भरलेला चिकट द्रव) भोक बुजवतं, पण चाक फिरता फिरता तार ते पुन्हा उघडते.

मेकॅनिक कायम मागच्या सीटवर डावीकडे बसतो. उतरला की थेट रायडरपाशी. पोराने साखळी आधीच सर्वांत लहान, 11 दातांच्या चक्रीवर आणली होती, म्हणजे चाक सहज निघतं, शाबास. अॅक्सल सुटला, चाक निघालं आणि तोल सावरताना त्याच्या हातून ब्रेक दाबला गेला. मध्ये रोटर, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, नसताना डिस्क ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतात, पॅड एकमेकांना भिडतात. नवं चाक आत जाईना. टपावरची सायकल आमच्या चढाच्या रायडरची, सीट दीड सेंटिमीटर उंच. तिच्यावर उरलेलं अंतर जोर लावून पळवायचं म्हणजे गुडघा पणाला लावायचा. मी नको म्हटलं. मेकॅनिकने प्लास्टिकचा टायर लिव्हर पॅडच्या फटीत घालून पिस्टन मागे रेटले. घाईत स्क्रूड्रायव्हर कधीही घालू नये, पॅडवर चरे पडतात. चाक बसलं. एकूण अर्धा मिनिट.

अर्ध्या मिनिटात घोळका 400 मीटरहून जास्त पुढे जातो. ताशी 52 ने पाठलाग केला तरी ते अंतर तुटायला बारा मिनिटं लागतात, म्हणजे जवळजवळ 11 किलोमीटर. एकट्याचं ते काम नाही. पण पुढे सुटलेल्या तिघांत आमचा एक होता, त्यामुळे त्यांना पकडायला पुढे राहून घोळका ओढायचं काम आमच्या पोरांवर नव्हतं, आणि ठरल्याप्रमाणे दोघे हात पाहताच मागे आले. तिघांनी आळीपाळीने पुढे राहून हवा कापली. मी गाडी मागेच ठेवली. गाडीच्या आडोशाने रायडर नेला तर पंच दंड करतात.

वाडीवऱ्हे ओलांडल्यावर घोळक्याची शेपटी सापडली. विल्होळीपाशी ते दोघे संपून मागे पडले. निकालपत्रात त्यांची नावं पार तळाला आहेत, आणि माझ्या लेखी त्या दिवशीची सर्वांत मोठी कामगिरी त्यांचीच. सुटलेले तिघे शहराच्या तोंडाशी सापडले, आमचा स्प्रिंटर तिसरा आला. बक्षिसाच्या रकमेचे सहा समान भाग केले: पाच रायडर आणि मेकॅनिक.