आधी अंगावरचा शर्ट काढा

सप्टेंबरातली दुपार होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या उपकेंद्रात लसीकरण चाललं होतं, तेवढ्यात एका शेतकऱ्याचा फोन आला.

"मॅडम, फवारणीवाल्या गड्याले भोवळ आली. तोंडातून लाळ गळून राह्यली. दूध पाजू का?"

"काही पाजू नका, ओकारीही काढू नका. आधी शर्ट काढा, पाण्याची मोटार चालू करा, साबणानं अंग धुवा. धुणाऱ्यानं हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा."

लसीकरण सिस्टरवर सोपवलं, १०८ ला फोन केला आणि आशाताईला घेऊन निघाले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी झाली होती. अशा उंच पिकात पंपाचा फवारा माणसाच्याच तोंडावर, अंगावर येतो.

गडी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, घामानं निथळत पडला होता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शर्ट काढला होता, पँट मात्र तशीच. बाया जवळ होत्या म्हणून तो काढू देत नव्हता. शेतकऱ्याच्या आईनं ताडपत्री आडवी धरली. पंप गळत होता, पाठीपासून मांडीपर्यंत सगळं ओलं. केस, नखं, कानामागची जागा, सगळं धुतलं आणि त्याला डाव्या कुशीवर निजवलं.

फवारणीच्या या विषावरचा उतारा, ॲट्रोपिन, दवाखान्यात मिळतो. पण ओले कपडे अंगावर आहेत तोवर विष कातडीतून आत जातच राहतं. गाडी येईपर्यंत जे करायचं ते शेतातल्या माणसांनीच करायचं असतं. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. १९४८ च्या कारखाना कायद्यानं दर १५० कामगारांमागे प्रथमोपचार पेटी सक्तीची केली होती. रोजानं फवारणाऱ्याजवळ साबणाची वडीही नसते, याचा मला फार राग येतो.

दोन औषधं एकत्र कालवली होती. एका बाटलीवर लाल त्रिकोण, म्हणजे सर्वांत जहाल विषाची खूण, दुसरीवर त्याखालोखालचा पिवळा. दोन्ही बाटल्या गाडीत दिल्या, कारण कोणतं औषध होतं हे डॉक्टरांना आधी कळायला हवं.

मग विचारलं, "अजून कोण फवारत होतं?"

"एक होता जी, तो घरी गेला. त्याले काई नाही झालं."

आशाताई त्याच्या घरी धावली. तो त्याच कपड्यांत जेवायला बसला होता. डोळ्यांपुढं अंधारी येते, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याला ताटावरून उठवून आंघोळ घातली आणि दुसऱ्या गाडीनं पाठवलं. दोघंही बरे होऊन घरी आले.