शिडाची लाकडी होडी आणि मराठवाड्याचं ऊन

एप्रिल लागला की लाकडी चाकाच्या बैलगाडीची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, वाजायला लागते. आरे हलतात, सांधे उघडे पडतात. मग चाक काढून रात्रभर हौदात किंवा ओढ्याच्या डोहात टाकायचं. सकाळी लाकूड फुगलेलं असतं आणि धाव जागच्या जागी घट्ट बसलेली असते. टायरच्या गाड्या आल्यापासून हे कमी दिसतं, पण ज्यानं पाहिलंय त्याला शिडाची लाकडी नौका कशी टिकते हे निम्मं समजलेलं आहे. उरलेलं निम्मं इथे लिहितो.

लाकडी होडी पाण्यानं खराब होते असा समज आहे. आपल्या भागात तिला पाण्यापेक्षा ऊन जास्त मारतं. लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे पाणी घेतं आणि सोडतं. श्रावणात हवेची आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा लाकडात वजनाच्या साधारण 16 टक्के पाणी राहतं. मे महिन्यात 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असली की तेच लाकूड हळूहळू 4 ते 6 टक्क्यांवर उतरतं. आता 150 मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी घ्या. ती 16 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आली तर तिची रुंदी किती घटेल, हे ती कशी कापली आहे त्यावर ठरतं. फळी टोकाकडून बघायची. वर्षवलयांच्या रेषा जाडीत उभ्या असतील तर सव्वा मिलिमीटर, आडव्या पसरलेल्या असतील तर जवळजवळ 3 मिलिमीटर. होडीच्या एका बाजूला अशा दहा फळ्या असतात. प्रत्येक सांध्यात 3 मिलिमीटरची फट म्हणजे ती होडी उरत नाही, चाळण होते.

म्हणून वखारीत जाल तेव्हा लाकडाची जात विचारण्याइतकंच महत्त्व टोकाच्या रेषा बघण्याला द्या. उभ्या रेषांची फळी महाग पडते, कारण ती काढताना ओंडका वाया जातो. बुडाच्या, म्हणजे सतत पाण्याखाली राहणाऱ्या फळ्यांना आडव्या रेषा एक वेळ चालतील. पाण्याच्या रेषेवरच्या, उन्हात तापणाऱ्या फळ्यांना चालत नाहीत.

सागाचं कौतुक उगाच होत नाही. त्याची फुगण्या-आकसण्याची हालचाल ओकच्या निम्मीच्या आसपास असते, अंगात तेल असतं, आणि त्यातला खिळा लवकर गंजत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 मध्ये मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली. ती आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. किनवटच्या जंगलामुळे सागाशी आपलीही ओळख आहे.

आता जुन्या यॉटच्या, म्हणजे शर्यतीच्या आणि हौसेच्या शिडाच्या नौकांच्या, आकाराबद्दल. अभिजात यॉटचा फोटो पाहिला की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ती पुढे-मागे पाण्याच्या वर झेपावलेली लांब टोकं. ती नुसती शोभेची नाहीत. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीनं बांधलेला असतो. फुटांतल्या त्या लांबीचं वर्गमूळ काढा, 1.34 नं गुणा, नॉटमधला, म्हणजे तासाला किती सागरी मैल असा, साधारण कमाल वेग मिळतो. 25 फुटांना 6.7 नॉट, 36 फुटांना 8. शर्यतीचे त्या काळचे नियम होडी सरळ उभी असतानाची पाण्यातली लांबी मोजायचे. मग रचनाकारांनी काय केलं? उभी असताना लांबी कमी भरेल, पण वाऱ्यानं कलली की लांब टोकं पाण्याला टेकून लांबी वाढेल, असा आकार दिला. अमेरिकी रचनाकार ऑलिन स्टीफन्स यांची 1930 ची ‘डोराड’ 52 फूट लांब आहे, पाण्याच्या रेषेवर मात्र जेमतेम 37. त्या होडीनं 1931 ची अटलांटिकपार शर्यत जिंकली, आणि 2013 मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, कॅलिफोर्नियाहून हवाईची शर्यत पुन्हा जिंकली. स्कॉटलंडच्या फेअरली गावचे विल्यम फाइफ आपल्या नौकांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, सोनेरी ड्रॅगन कोरून घेत. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत त्यांची कडेची रेषा अशी जाते की कुठेही नजर अडखळत नाही. ती रेषा काढायचं साधन अगदी साधं आहे: गाठ नसलेली, लवचिक, लांब पट्टी. जमिनीवर खऱ्या मापात आराखडा काढायचा, बिंदूंवर खिळे मारायचे, पट्टी त्यांना टेकवायची आणि डोळा जमिनीला लावून बघायचं. पट्टी एखाद्या खिळ्यावर जबरदस्तीनं वाकलेली दिसली तर तो बिंदू चुकला आहे. कागदावरच्या आकड्यापेक्षा अशा वेळी पट्टीचं ऐकावं.

सांगाडा असा असतो: खाली कणा, ज्याला कोकणातले सुतार पठाण म्हणतात. त्यावर आडव्या बरगड्या, म्हणजे वाक. वाकांवर बाहेरून फळ्या. लहान होडीचे वाक वाफेवर वाकवतात. हिशेब सोपा, 25 मिलिमीटर जाडीला एक तास वाफ. भट्टीत वाळवलेलं लाकूड इथे चालत नाही, ते तडकतं. मोठ्या होडीला मुळातच वाकडं वाढलेलं लाकूड लागतं, आणि त्यासाठी बाभळीसारखं झाड नाही. आपल्याकडे औतं आणि गाड्या तिच्याच लाकडाच्या होत आल्या आहेत. बांधावरच्या बाभळीच्या फांदीचा बाक बघून सुतार आधीच सांगतो की हिचं काय निघेल. तोडल्यावर ती काही महिने पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे अंगातला पिठूळपणा निघून जातो आणि भुंगा लागत नाही. बाहेरचं पांढरट लाकूड सगळं तासून टाका, आतला तांबूस गाभाच घ्या.

बाभळीत एक धोका आहे. तिच्यात टॅनिन भरपूर असतं, म्हणून तर तिच्या सालीनं कातडं कमावतात. ओल्या बाभळीत लोखंडी खिळा मारला की त्याच्याभोवती निळंकाळं वर्तुळ उमटतं. जुनी काळी शाई याच रसायनातून व्हायची. वर्तुळ दिसलं म्हणजे खिळा झिजतो आहे आणि त्याच्या भोवतीचं लाकूडही कुजतं आहे. त्यामुळे तांब्याचे खिळे आणि आतून तांब्याच्या चकत्या, किंवा ब्राँझचे स्क्रू, याच दोन वाटा आहेत. पितळी स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात आणि ब्राँझसारखेच दिसतात. पण पाण्यात, विशेषतः खाऱ्या पाण्यात, पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे गुलाबी, भुसभुशीत तांबं उरतं. स्क्रूचं डोकं दिसायला शाबूत असतं, पिळायला गेलं की तुटून हातात येतं.

सांधा भरण्याचं काम सगळ्यात नाजूक, आणि बहुतेक होड्या इथेच बिघडतात. 22 मिलिमीटरच्या फळ्या आतल्या कडेला एकमेकींना घट्ट टेकतात आणि बाहेरच्या कडेला साधारण 2 मिलिमीटरची फट राहते. ही पाचर आकाराची फट म्हणजे भरायची जागा. भरायला कापूसच लागतो, लांब धाग्याचा, पेळूसारखा सैल वळलेला. पेळूचे छोटे छोटे वळसे करत तो फटीच्या तोंडाशी लावत जायचा, मग बोथट छिन्नी ठेवून लाकडी मोगरीनं आत बसवायचा. आधी आवाज बद्द येतो. कापूस दाटला की मोगरी खणखणीत बोलते, तिथे थांबायचं. फटीची निम्मी खोली कापसानं भरली की पुरे. जास्त ठोकलं तर आतल्या कडा मोडतात, कापूस पलीकडून बाहेर येतो आणि मग त्या सांध्याला धरायला काहीच राहत नाही. कापसावर जवसाच्या तेलात कालवलेल्या शेंदुराचा हात द्यायचा. शेंदूर म्हणजे शिसं, तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच. तो सुकला की वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. ती पृष्ठभागाच्या किंचित खाली, खोलगट ठेवायची, कारण फळ्या फुगल्या की लांबी बाहेर ढकलली जाते. सपाट भरलेल्या लांबीची पाण्यात गेल्यावर वरंब्यासारखी रेष उमटते.

आता नेहमी होणारी चूक. होडी उन्हाळाभर शेडमध्ये पडून आहे, सांधे उघडलेत, पलीकडचा उजेड दिसतोय. मालक घाबरतो आणि त्या रुंद फटींत कापूस ठासून भरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे इपॉक्सी, म्हणजे कालवल्यावर दगडासारखा घट्ट होणारा चिकट पदार्थ, ओततो. जूनमध्ये होडी पाण्यात गेली की फळी फुगते. तिला पसरायला जागा नसते. फुगणाऱ्या लाकडाचा जोर असा असतो की वाक मधोमध तडकतात, खिळे उपसून येतात, कण्यालगतची फळी बाहेर फेकली जाते. दुरुस्तीचा खर्च नव्या होडीच्या जवळ जातो. सुकलेल्या होडीचे सांधे कधीच भरू नयेत. आधी तिला ओलावा द्या. पाण्यात सोडण्याच्या तीन आठवडे आधी ती सावलीत घ्यावी, आतून गोणपाट पसरून रोज सकाळ-संध्याकाळ भिजवावं. फार मोठ्या फटींत साबण आणि लाकडाचा भुसा कालवून लावावा. तो मऊ असतो, फळी त्याला सहज बाहेर ढकलते. मग उथळ पाण्यात दोरांनी बांधून दोन ते चार दिवस ठेवावी, पंप शेजारी हवा. पहिल्या दिवशी पाणी धो धो आत येईल. दुसऱ्या दिवशी निम्मं होईल. चौथ्या दिवसानंतरही एखादा सांधा गळत राहिला तर तेवढाच सांधा दुरुस्तीचा.

जायकवाडी धरणाच्या नाथसागरासारख्या गोड्या पाण्याचा एक फायदा आहे. लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे नाही. तोटा असा की मीठ नसल्यानं बुरशीला अडवणारं काही नाही. लाकूड कुजायला 20 टक्क्यांहून जास्त ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. त्यामुळे कायम बुडालेलं लाकूड टिकतं, आणि पावसाचं पाणी साचणारे कोपरे, वाकांची टोकं, डेकखालच्या जागा आधी जातात. जुने कारागीर वाकांमधल्या पोकळ्यांत खडे मीठ भरत. ते आजही करावं, फक्त जवळपास लोखंड नको. सुरीचं टोक लाकडात बिनविरोध घुसलं तर तिथे कूज आहे. कच्चं जवस तेल फासून ती थांबत नाही, उलट ते बुरशीचं खाद्य होतं.

समुद्र आपल्यापासून दूर, तरी जुन्या जहाजाचं एक फार मोलाचं चित्र आपल्याच मराठवाड्यात आहे. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलं आहे. उंच अरुंद शिडं, मागे वल्ह्यासारखं सुकाणू, डेकवर मांडलेले रांजण. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर भडोचच्या बंदराकडे जात असे, हे ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक वर्णनात आहे, आणि सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. अजिंठ्याच्या त्या चित्रावरून ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज बांधून 21 मे 2025 ला कारवारला नौदलात दाखल झालं. बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या केरळी कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरानं शिवल्या. चित्रात पाण्याखालचा भाग नाही, माप नाही, त्यामुळे आकार तर्कानं ठरवून आयआयटी मद्रासमध्ये नमुन्याची चाचणी करावी लागली. शिवलेला सांधा खिळ्यासारखा ताठ नसतो, लाटेबरोबर थोडा लवतो. ओल्या-सुक्याच्या खेळात हेच त्याचं बळ.

गंमत म्हणजे शिवण 1963 मध्ये परत आली. इंग्लंडच्या जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांच्या ‘मिरर’ या 10 फूट 10 इंची होडीचे प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेनं शिवून आतून फायबरग्लासच्या पट्टीनं जोडतात. अशा 70 हजारांहून जास्त होड्या झाल्या. माझ्या मते मराठवाड्यात नवी होडी बांधणाऱ्यानं हीच पद्धत घ्यावी. प्लायवुडचे थर आडवे-उभे चिकटलेले असतात, म्हणून ते उन्हात नगण्य आकसतं. अभिजात रेषा हवी तर ती कडेच्या वळणात आणि डोलकाठीच्या प्रमाणात आणता येते.

प्लायवुड 6 मिलिमीटरचं, आयएस 710 शिक्क्याचं, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडच्या भारतीय मानकाचं. शिक्क्यावर विसंबू नका, हातभर तुकडा कापून उकळत्या पाण्यात ठेवा. मानकाची चाचणी 72 तासांची आहे, पण खोटा माल बहुधा पहिल्या काही तासांतच थर सोडतो. कडेपासून 10 मिलिमीटर आत, दर 100 ते 150 मिलिमीटरला भोक पाडा, सव्वा मिलिमीटरची तांब्याची तार ओवून पिळा. आतल्या कोपऱ्यात इपॉक्सी आणि बारीक लाकूडभुशाची गोलसर भर, तिच्यावर फायबरग्लासची 75 मिलिमीटरची पट्टी. तापमान 10 अंशांनी वाढलं की इपॉक्सी घट्ट व्हायचा वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून मेमध्ये ती मगात कालवायची नाही. धूर येऊन दगड होते. पसरट ताटलीत, थोडी थोडी कालवा. आणि लाकडावरचा हात संध्याकाळी द्या. सकाळी दिला तर तापत जाणाऱ्या लाकडातली हवा बाहेर येते आणि पृष्ठभागभर बुडबुडे उमटतात. संध्याकाळी लाकूड थंड होत असतं, ते इपॉक्सी आत ओढून घेतं.

नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा परवानगी लाकूड घेण्याआधी. रंग पांढराच द्या. गडद निळी यॉट फोटोत राजेशाही दिसते, पण आपल्या उन्हात गडद पृष्ठभाग 65 अंशांपर्यंत तापू शकतो, आणि साध्या हवेत घट्ट झालेली इपॉक्सी त्याच सुमारास मऊ पडायला लागते.